ओल्या कचऱ्याचा डबा खाली गेल्यावर त्याचं काय होतं, कधी बघितलंय?

मुलुंडकरीण (धागाकर्ती)

गेली सहा वर्षं आमच्याकडे दोन डबे आहेत. हिरव्यात ओला, निळ्यात सुका. नवऱ्याला, मुलाला, आल्यागेल्या पाहुण्यांना ओरडून ओरडून सवय लावली. सासूबाईंनी एकदा चहाचा चोथा चुकून निळ्यात टाकला, तर मी तो चमच्याने काढून हिरव्यात नेला होता. (हा किस्सा त्यांनी सगळ्या नातेवाइकांत पोचवलाय. लग्नाकार्यात अजून ऐकावा लागतो.)

गेल्या जूनमध्ये लिफ्ट बंद होती म्हणून जिन्याने उतरत होते. दुसऱ्या मजल्यावर कचरा नेणाऱ्या मावशी दिसल्या. माझेच दोन डबे त्यांच्या हातात होते आणि दोन्ही त्यांनी एकाच पिंपात उपडे केले. ओला, सुका, सगळं गरगट. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "ताई, खाली पिंप एकच आहे. दुसरं कुठून आणू?"

सहा वर्षं हो! आणि यात चूक मावशींची नव्हती, पालिकेचीही नव्हती. सोसायटीने पिंपच एक घेतलं होतं. २८ बिऱ्हाडांतल्या एकालाही खाली जाऊन बघावंसं वाटलं नव्हतं. मलाही नाही.

सेक्रेटरींकडे गेले. "बघू, एजीएममध्ये (सोसायटीच्या वार्षिक सभेत) विषय घेऊ." एजीएममध्ये नेहमीचं उत्तर, "रीडेव्हलपमेंट होणारच आहे, आता कशाला खर्च?" आमचं रीडेव्हलपमेंट मी लग्न होऊन आले तेव्हापासून होतंय. मुलगा आता दहावीला आहे.

शेवटी आम्ही चार जणींनी परस्पर पिंप आणलं. नंतर ओल्यासाठी मागच्या बाजूला, पंपरूमच्या भिंतीलगत खत करायला जाळीचे चार क्रेट लावले. २८ पैकी सुरुवातीला ९ घरं आली, आता १९ आहेत. रोज नऊ-दहा किलो ओला कचरा तिथेच जिरतो. मावशींचं काम वाढलं म्हणून सहभागी नसलेल्यांनाही धरून घरटी ४० रुपये ठरवले, म्हणजे त्यांना महिन्याला ११२० जास्त मिळतात. सगळ्यात जास्त भांडणं क्रेटवरून नाही, या ४० रुपयांवरून झाली. तीन बीएचकेवाले सर्वांत पुढे.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो, त्यामुळे डम्पिंग ग्राउंड ही आमच्यासाठी पेपरातली गोष्ट नाही. इथलं २०१८ मध्ये बंद झालं. त्याआधी वारा फिरला की खिडक्या लावून बसायचो. बंद झाल्यावर पेढे वाटणारेही होते. पण आमचा कचरा काही बंद झाला नाही, तो दुसऱ्या कुणाच्या खिडकीखाली जायला लागला.

तर तुमच्या घरात, ऑफिसात काय चाललंय ते लिहा. पण एक विनंती, कुठला बांबूचा ब्रश घेतला ते नको. एखादी गोष्ट कुठे जाते ते शेवटपर्यंत जाऊन बघितलं असेल, तर ते सांगा.

---

चाळीतला_चिवडा

वाचतोय. खूण साठवली.

आमची लालबागची चाळ. १८० चौरस फूट, पाच माणसं. क्रेट ठेवायचा तर कुणाला तरी बाहेर झोपवावं लागेल 😀 पण सुक्याचं सांगतो. आमच्याकडे सुका कचरा असा नसतोच फारसा. रद्दी भंगारवाल्याकडे, बाटल्या त्याच्याकडेच, जुने कपडे आईने बोहारणीला द्यायचे. एका पातेल्यासाठी दोन साड्या की तीन, यावर अर्धा तास घासाघीस. ते कपडे पुढे दुरुस्त होऊन बाजारात जातात, हे मला मोठेपणी कळलं. तोवर वाटायचं बोहारीण स्वतःच नेसत असेल.

आणि मासे. २०१८ च्या जूनमध्ये प्लास्टिकबंदी आली तेव्हा अख्खी चाळ डबे घेऊन बाजारात. दोन महिने टिकलं, मग काळ्या पिशव्या परत. आई मात्र अजून डबाच नेते. कारण पर्यावरण नाही. डबा बघून कोळीण दोन बोंबील जास्त टाकते आणि पिशवीतून पाणी गळून ट्रेनमध्ये शिव्या खाव्या लागत नाहीत.

---

खवट_काका

चालू द्या तुमचं. मुंबईत दिवसाला सहा-साडेसहा हजार टन कचरा होतो. त्यात तुमचे दहा किलो वजा. देवनारला १९२७ पासून टाकताहेत, डोंगर झालाय. २०१६ ला तिथे आग लागली तेव्हा धूर कुठवर गेला होता, आठवतंय का? तुमच्या चार क्रेटांनी तो डोंगर उतरणार का?

शिवाय माझ्या खिडकीसमोरच्या टॉवरला दर फ्लॅटमागे चार एसी. मी मोजलेत. रिटायर माणूस, वेळ आहे.

---

मुलुंडकरीण

काका, डोंगर नाही उतरणार. पण पूर्वी आमच्या पिंपाशी रात्री घुशी यायच्या, आता येत नाहीत. कारण साधं आहे, पिंपात खायलाच काही नसतं. मांजर वैतागलंय.

आणि दुसरं म्हणजे मावशी पूर्वी उष्ट्यात हात घालून बाटल्या वेचायच्या. आता कोरडा माल कोरडाच मिळतो, भंगारात भावही बरा येतो. साडेसहा हजार टनांचं मला काही करता येत नाही, त्या हाताचं आलं.

---

सव्वाआठची_लोकल

ऑफिसचं मी सांगते. अंधेरीला आहे. मे महिन्यात बाहेर ३५ आणि आत आम्ही सात जणी शाली घेऊन. एकीने तर खुर्चीखाली छोटा हीटर ठेवला होता. म्हणजे एसीने गार करायचं, हीटरने गरम करायचं, दोन्हीची बिलं कंपनीने भरायची.

अ‍ॅडमिनला किती वेळा मेल टाकली. "सेंट्रल एसी आहे, कमी-जास्त होत नाही." मग एक दिवस मेंटेनन्सचा मुलगा आला होता, त्याच्या मागे मागे फिरले. त्याला विचारलं, थंडी किती झाली हे एसीला कळतं कुठून? त्याने भिंतीवरची एक पांढरी डबी दाखवली. आणि त्या डबीला खेटून काय, तर झेरॉक्स मशीन! दिवसभर गरम वाफ सोडणारं. डबीला वाटतंय खोली तापलीय, ती आपली गार करतेय, करतेय.

मशीन आठ फूट सरकवलं. खर्च शून्य, दोन शिपाई आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड. त्या आठवड्यात शाली घरी गेल्या. मग सेटिंगही २४ वर नेलं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते. २०२० च्या जानेवारीपासून घरगुती एसी कारखान्यातूनच २४ वर लावून येतात तेही याचसाठी. आपण घरी आणतो आणि पहिल्या दिवशी १८ करतो.

---

खवट_काका

झेरॉक्स मशीनचा किस्सा आवडला. खरा असेल तर.

---

सव्वाआठची_लोकल

काका, फोटो आहे. भिंतीवर मशीनचा चौकोनी डागही आहे अजून.

---

निवांत_नाना

आमच्या ऑफिसात कागदी कप होते, "प्लास्टिक नको" म्हणून मोठ्या कौतुकाने आणलेले. एकदा एक कप पाण्यात भिजत टाकून दुसऱ्या दिवशी सोलला. कागद सुटला आणि आत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा अख्खा हातात आला. तो न लावता कपात चहा राहणार कसा, हे आधी सुचायला हवं होतं. टेबलावर ठेवला, सगळ्यांनी हात लावून बघितला. सोमवारी प्रत्येकाने घरून चहाचा मग आणला. धुवायचे कुणी यावर तीन आठवडे गेले. आपापला आपण धुतो. साहेबसुद्धा. (साहेब साबण जास्त वापरतात.)

---

उकळून_प्या

धागाकर्तीने "शेवटपर्यंत जाऊन बघा" म्हटलंय म्हणून लिहितो, नाहीतर नेहमी वाचनमात्र असतो.

आमच्याकडे पाणी शुद्ध करायचा आरओ होता. त्याची ती बारीक पांढरी नळी सिंकमध्ये सोडलेली असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. एका रविवारी ती बादलीत सोडली. पिण्याचं पाणी पाच लिटर जमेपर्यंत बादली भरून वाहायला लागली. एका लिटरमागे दोन-तीन लिटर थेट गटारात!

मग म्हटलं, आपल्याला आरओ लागतो तरी कशाला? टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार (लिटरमागे मिलिग्रॅम), मोजायचं पेनासारखं यंत्र मिळतं, ते आणलं. नळाचं पाणी ५८. आरओतून आलेलं २०. अरे, पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चालतं! आरओ आहे क्षार काढायला. आपल्याकडे येतं तलावाचं पाणी, पावसाचं, त्यात क्षार असणार किती? हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलंय की ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला. मुंबईतल्या पालिकेच्या पाण्याला भीती जंतूंची, तीही बहुतेक वेळा पाइप फुटला किंवा टाकी घाण असली की. त्याला उकळणं किंवा यूव्ही (अतिनील किरणांचा) फिल्टर पुरतो.

आरओ काढला. आता साधा फिल्टर, आणि पावसाळ्यात उकळतो. सोसायटीची टाकी वर्षातून दोनदा धुऊन घेतो, ते मात्र स्वतः उभं राहून.

सूचना: बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असेल तर हे लागू नाही. आधी मोजा.

---

गच्चीवरची

+१. माझ्या मैत्रिणीकडे ते वाया जाणारं पाणी लादी पुसायला वापरतात आणि त्यावर खूश असतात. रोज लादी पुसायला पाणी लागतं किती? बाकीचं जातंच.

---

शहापूरचा_भाचा

हे वाचून राहवलं नाही. मामाचं गाव शहापूर तालुक्यात. भातसा आमच्याकडे, तानसा आमच्याकडे. मुंबईला सात तलावांतून पाणी येतं, त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातशाचं. विहार आणि तुळशी तेवढे तुमच्या हद्दीत, १८६० आणि १८७९ सालचे, आता सातांत सर्वांत लहान.

एप्रिल-मे मध्ये आमच्याकडच्या पाड्यांवर टँकर येतो. मामी हंडा घेऊन रांगेत असते, आणि डांबरी रस्त्याच्या कडेने मुंबईला जाणारा पाइप, माणूस उभा मावेल एवढा. लहानपणी आम्ही त्याला कान लावून पाणी ऐकायचो. म्हणून ती पांढरी नळी बादलीत सोडणाऱ्या काकांना नमस्कार.

---

उकळून_प्या

काका नाही हो, ३४ चा आहे. पण नमस्कार पोचला. मामींना माझाही सांगा.

---

नवशिका_खतवाला

मला मदत हवीय. पवईला राहतो, बाल्कनीत खताचा डबा सुरू केला. तीन आठवडे झाले. वास येतोय आणि आत पांढऱ्या-करड्या अळ्या वळवळताहेत. बायकोने अल्टिमेटम दिलाय, डबा किंवा मी.

---

गच्चीवरची

बायको ठेवा, डबाही ठेवा. घाबरू नका.

वास म्हणजे पाणी जास्त, हवा कमी. आपल्याकडचा ओला कचरा फार ओला असतो. कलिंगडाच्या साली, चहाचा चोथा, उरलेली आमटी. आमटी टाकत असाल तर आधी बंद करा. एक मूठ माल हातात घेऊन घट्ट दाबा (हातमोजा घाला, बायको बघत असेल तर नका घालू). बोटांतून पाणी टपकलं तर जास्त ओलं. नुसता तळवा ओलसर झाला की बरोबर. मूठ उघडल्यावर भुगा झाला तर पाणी शिंपडा.

तुमच्याकडे सुकं कमी पडतंय. जेवढा ओला टाकाल तेवढाच, आकारमानाने, सुका पाला वर घाला. सुताराकडचा भुसा चालेल, पण प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) विकत मिळतं, पण खाली सोसायटीत पानं पडत असताना विकत का आणायचं? तीन-चार दिवसांनी काठीने खालीवर करा. विरजण म्हणून आंबट ताक शिंपडलं तरी काम होतं, महागडी पावडर लागत नाही.

अळ्या बहुतेक काळ्या सोल्जर माशीच्या असतील. चावत नाहीत, घरात हिंडत नाहीत, उलट माल फस्त करतात. डबा जरा कोरडा झाला की कमी होतील. लिंबाच्या साली थोड्याच घाला. मटणाची हाडं, मासळीचे काटे सुरुवातीला नकोत.

दीड-दोन महिन्यांत काळं, मातीचा वास येणारं खत तयार होतं. पहिल्या पावसाचा येतो ना, तसाच वास. तो आला की बायकोला बोलवा.

---

नवशिका_खतवाला

धन्यवाद! आमटी मीच टाकत होतो. कबुली.

---

पेणकर

अवांतर होतंय, पण गणपतीचं कुणी काढलं नाही म्हणून. सगळे म्हणतात शाडूचा आणा, आणा. जरूर आणा, पीओपी पाण्यात विरघळत नाही हे खरंच आहे. पण शाडूही आमच्याकडच्या शेतात उगवत नाही, गुजरातहून गाड्या भरून येतो. आणि घरी बादलीत विसर्जन करून गाळ बेसिनमध्ये ओतणारे महाभाग मी बघितलेत. मोरी तुंबली की प्लंबरसमोर बाप्पा मोरया. तो गाळ सुकवा, पुढच्या वर्षीसाठी ठेवा किंवा कुंडीत मातीत मिसळा. जमलं तर मूर्तीची उंची कमी करा. आमच्या मूर्तींच्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, तरी बोलतोय.

---

खवट_काका

पेणकरांनी पोटावर पाय दिला की स्वतःच्या! शाबास.

बरं, मुलुंडकरीण, आमच्या इमारतीत सोलर घालायचं चाललंय. दादरला सात मजली आहे. तीन कोटेशनं आली, तिघांचे आकडे वेगळे. कुणाला अनुभव?

---

निवांत_नाना

काका, बहाणे संपले वाटतं 😀

आमच्याकडे बोरिवलीला बसवलंय, फक्त कॉमन मीटरसाठी: लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. ढोबळ हिशेब असा. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली गच्ची, आणि वर्षभराची सरासरी धरली तर दिवसाला चार युनिट. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,००० अनुदान आहे. नेट मीटरिंगचा (जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलातून वळती करून घ्यायचा) अर्ज कोण करणार ते कोटेशनमध्येच लिहून घ्या.

पण तुमचा प्रश्न सावलीचा असणार. चार एसीवाला तो टॉवर कुठल्या दिशेला आहे?

---

खवट_काका

पश्चिमेला. दोननंतर आमच्या गच्चीवर त्याची सावली. म्हणजे आधी त्यांचे एसी, आता हे.

---

निवांत_नाना

मग सकाळच्या उन्हावर हिशेब मांडायला सांगा. तीन आकडे वेगळे आलेत ना, त्यातला जो माणूस गच्चीवर येऊन सावली बघून गेला असेल, त्याचाच आकडा धरा. आणि तोवर घरचे पंखे बदला. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) २८ च्या आसपास. दिवसाला बारा तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला १७ युनिट वाचतात. याला एजीएम लागत नाही.

---

चाळीतला_चिवडा

एक छोटी गोष्ट राहिली. दुधाची पिशवी. कोपरा पूर्ण कापून टाकू नका, अर्धवट कापून लोंबता ठेवा. सुटलेला तुकडा एवढासा असतो, तो कुणी वेचत नाही, गटारात जातो. अख्खी पिशवी धुऊन वाळवली तर भंगारवाला घेतो. आमच्या गॅलरीतल्या दोरीवर चड्ड्यांच्या शेजारी दुधाच्या पिशव्या वाळतात. पाहुणे विचारतात.

---

मुलुंडकरीण

वेफर्सच्या पाकिटांचं काय करता मग? आतून चंदेरी असतात ती?

---

चाळीतला_चिवडा

ती कुणी घेत नाही. वजनाला येत नाहीत आणि प्लास्टिक-चंदेरी थर सुटे होत नाहीत. मी तीन भंगारवाल्यांना विचारलं. तिसरा म्हणाला, "साहेब, खाऊच नका."

---

शहापूरचा_भाचा

सॅनिटरी कचऱ्याचं कुणी बोलेना. डायपर, पॅड. आमच्या बिल्डिंगमध्ये अजून सुक्यातच जातं, आणि कोरडा माल म्हणून कुणीतरी हाताने उघडतं.

---

मुलुंडकरीण

बरोबर, मी वर लिहायला हवं होतं. आम्ही तिसरी छोटी बादली ठेवलीय, पेपरात गुंडाळून वर लाल खूण. पालिकेनेही २०२५ पासून यासाठी वेगळी गाडी सुरू केलीय, सोसायटीने नावनोंदणी करायची. आमच्यात ती खूण लावायला पुरुषमंडळी लाजत होती. मावशींनीच एकदा लिफ्टसमोर मोठ्याने सुनावलं, "उघडताना मी लाजत नाही, तुम्ही लाल पेन धरायला लाजता?" दुसऱ्या दिवशी जनरल स्टोअरमधली लाल स्केचपेनं संपली.

---

नवशिका_खतवाला

धागा वर काढतोय. वास गेला, अळ्या कमी झाल्या, बायको आहे. नवीन प्रश्न: आंब्याच्या बाठ्या. घरात रोज सहा-सात. त्या कुजतच नाहीत!

---

गच्चीवरची

नाहीच कुजत लवकर, वरचं कवच लाकडासारखं असतं. उन्हात वाळवून फोडून टाका, किंवा चाळताना बाजूला काढून पुढच्या डब्यात तळाला घाला, हवा खेळायला बऱ्या. दोन-तीन फेऱ्यांत जातील.

---

मुलुंडकरीण

आमच्या क्रेटमध्ये तर पावसाच्या पहिल्या आठवड्यात त्यांना कोंब फुटले! जाळीतून बाहेर तांबूस पानं. मावशींनी उपटून टाकायच्या आधी मी दह्याच्या रिकाम्या डब्यांत लावली, अकरा रोपं आहेत. कुणाला हवी असतील तर रविवारी सकाळी दहाला मुलुंड पूर्वेला स्टेशनबाहेर देते. बाठीपासून आलेलं झाड आईसारखं निघेलच असं नाही, तेव्हा हापूसची हमी मागू नका.

---

खवट_काका

एक ठेवा. डबा परत करीन.